शेजाऱ्यांना सोबत घेऊन घरातली वीज वाचवायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आमची तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी आहे. दोन विंग, बत्तीस घरं, लिफ्ट नाही. इमारत नव्वदच्या दशकातली. गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जण इथे घरोघरी जाऊन वीज बचतीचं काम करतो. आमच्यात एक निवृत्त वायरमन काका आहेत, बाकी आम्ही सगळे साधे ग्राहक. आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक भेटले की तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

वीज वाचवणं ही ज्याच्या त्याच्या घरातली बाब. त्यात शेजाऱ्यांचा काय संबंध?

मलाही आधी असंच वाटायचं. बिल माझं, पैसे माझे, मग दुसऱ्याचा प्रश्न येतोच कुठे? पण आठवून पाहा, तुम्ही घरात शेवटची नवी वस्तू कशी घेतलीत. मिक्सर असो की वॉटर प्युरिफायर, समोरच्या वहिनींकडे पाहिला, चार प्रश्न विचारले आणि मग घेतला. जाहिरात सगळेच पाहतात, विश्वास मात्र शेजारच्या घरातल्या अनुभवावर बसतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात यावर एक प्रयोग झाला होता. संशोधकांनी घरोघरच्या दारांवर वेगवेगळे संदेश अडकवले. काहींना सांगितलं, पर्यावरणासाठी एसीऐवजी पंखा लावा. काहींना सांगितलं, पैसे वाचतील म्हणून लावा. काहींना समाजाप्रति जबाबदारीची आठवण दिली. आणि काहींना एवढंच सांगितलं की तुमचे बरेचसे शेजारी एसीऐवजी पंखा लावतात. वीज सर्वांत कमी वापरली गेली ती या शेवटच्या घरांत. गंमत म्हणजे, शेजाऱ्यांचं पाहून तुम्ही बदलता का, असं लोकांना विचारलं तेव्हा त्यांनी हेच कारण सर्वांत कमी महत्त्वाचं मानलं होतं. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यावर शेजाऱ्याचा किती प्रभाव असतो हे आपल्यालाच ठाऊक नसतं, हे मला तो वाचल्यावर पटलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला पैशांपेक्षा जास्त लागते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर होते. आपण रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवतो, त्याचा कोळसा चंद्रपूरला, कोराडीला, खापरखेड्याला जळतो. राख तिथल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. ते लोकही आपले शेजारीच आहेत, फक्त जरा लांबचे.

सुरुवात कुठून करायची?

कॉमन मीटरपासून. सोसायटीच्या जिन्यात भर दुपारी दिवे जळत असतील, तर कमिटीच्या माणसानं कुणाच्या दारात जाऊन वीज वाचवा म्हणणं शोभत नाही. दिव्याखालचा अंधार आधी दूर करावा. आधी केले मग सांगितले, हाच क्रम चालतो.

आमच्याकडे जिने, पार्किंग आणि मीटरची खोली धरून जुन्या चोकवाल्या ३६ ट्यूबलाइट होत्या. चोक धरून एक नळी साधारण ५० वॉट खाते. रोज १२ तास जळल्या की महिन्याला ६४८ युनिट. त्या जागी १८ वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या की तेवढ्याच उजेडाला २३३ युनिट लागतात. हा हिशोब आम्ही कागदावर हातानं मांडला आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला. हिशोब समोर असल्यामुळे ठरावाला फारसा विरोध झाला नाही.

दुसरं ठिकाण पंप. ३ एचपीचा पंप तासाला अडीच-तीन युनिट घेतो. वरची टाकी भरून गच्चीवर पाणी वाहतंय आणि पंप चालूच आहे, हे दृश्य किती सोसायट्यांत दिसतं! टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट टाकीत बसवला की हा त्रास संपतो. फ्लश टाकी गळणाऱ्या घरांची यादी करून तीही दुरुस्त करून घ्या. गळणारा प्रत्येक थेंब आधी पंपानं चार मजले वर चढवलेला असतो.

पंप रोज कोण चालवतं? वॉचमन. त्याला विश्वासात घेतल्याशिवाय काही होत नाही. आमच्या वॉचमनदादांनीच सांगितलं की सकाळी सातला सगळे नळ एकदम सुटतात, टाकी भरायच्या आतच रिकामी होते आणि पंप दोनदा लावावा लागतो. हे कमिटीतल्या एकालाही माहीत नव्हतं. आता पंप पहाटे लवकर एकदाच लागतो.

सभा बोलावली तर सातच जण आले. आता काय?

आमच्याही पहिल्या सभेला सातच आले होते, त्यातले चार कमिटीचे. एक मोठा फळा आणि बराच वेळ चाललेलं भाषण असा तो कार्यक्रम झाला आणि त्यातून काही निघालं नाही.

सभा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक जिथे आपणहून जमतात तिथे जा. आमच्याकडे काम खऱ्या अर्थानं सुरू झालं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बी विंगमधल्या एका काकूंनी त्या वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता ९ वॉटचा एलईडी बल्ब दिला. बल्ब हातात आल्यावर आपोआप विषय निघाला. कुणाकडे अजून न्हाणीघरात ६० वॉटचा पिवळा बल्ब आहे, कुणाचं बिल का वाढलं, कुणाचा फ्रिज सारखा आवाज करतो. भाषणातून जे झालं नाही ते तिळगुळासोबतच्या गप्पांतून झालं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते फोटो आणि सुविचार टाकून काही होत नाही. ग्रुपवर फक्त नेमकी, आपल्या इमारतीतली गोष्ट टाका: ‘ए विंग, तिसरा मजला, हॉलचा पंखा बदलला, कुणाला वारा कसा लागतो ते बघायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर या.’ त्या संध्याकाळी पाच जण जाऊन आले होते.

घरी गेल्यावर नेमकं काय करायचं?

आम्ही त्याला मीटर-भेट म्हणतो. अर्धा तास पुरतो. दोघांनी जावं, त्यात एखादी बाई असावी, आणि आधी विचारून वेळ ठरवून जावं.

घरात न शिरता प्रथम घरच्या माणसाला घेऊन खाली मीटरच्या खोलीत जायचं. बहुतेकांनी स्वतःचं मीटर नीट पाहिलेलंच नसतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुक. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. घरात १०० वॉटचा भार चालू असेल तर साधारण अकरा-बारा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. गिझर लावला की इतक्या भराभर, की मोजता येत नाही. वर एक जण उभा राहून एकेक वस्तू लावतो आणि खालचा फोनवर सांगतो, ‘आता जोरात चाललाय.’ मुलांना हे फार आवडतं. मोठ्यांनाही. कुठली वस्तू किती खाते हे त्या दिव्याकडे बघून जसं कळतं तसं कुठल्याही तक्त्यावरून कळत नाही.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू एकट्या राहतात, सकाळी नोकरीला जातात, तरी त्यांचं बिल कायम जास्त. आम्ही वरचा मेन स्विच बंद करून खाली आलो तर दिवा लुकलुकतोच आहे. अकरा सेकंद, पुन्हा अकरा सेकंद. काकू म्हणाल्या, ‘अहो, घरात तर सगळं बंद आहे!’ वायरमन काकांनी मीटरपासून निघालेली वायर हातानं धरून शोधत नेली. ती थेट इमारतीमागच्या बोळात गेली होती. तिथल्या दोन ट्यूबलाइट कधीतरी, कुणीतरी काकूंच्या मीटरवर जोडून दिल्या होत्या. बोळ अंधारा, म्हणून दिवसरात्र चालू. १०० वॉट, चोवीस तास, महिन्याला ७२ युनिट. काकू किती वर्षं ते भरत होत्या कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी जोडणी कॉमन मीटरवर घेतली आणि त्या नळ्यांना स्विच बसवला. ही गोष्ट त्या आठवड्यात प्रत्येक घरात पोहोचली आणि मग मीटर बघायला या म्हणून लोकच बोलवायला लागले.

खबरदारी म्हणून सांगते: मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं.

लोक बिल दाखवायला तयार होत नाहीत.

मागूच नका. बिल म्हणजे घरातली खासगी गोष्ट आहे. त्यावरून घरात किती माणसं राहतात, एसी आहे का, थकबाकी आहे का, सगळं कळतं. आम्ही फक्त त्यांनाच त्यांच्या बिलावरचा मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख बघायला सांगतो. स्वतःच्याच बिलावर असा आलेख असतो हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं. आकडा आम्हाला सांगायचा की नाही, त्यांनी ठरवायचं. थकबाकीचा विषय तर चुकूनही काढायचा नाही.

कोणाचं बिल कमी, कोणाचं जास्त अशी यादी फलकावर लावावी का? चुरस लागेल ना?

नाही. हे आम्ही एकदा करायला निघालो होतो, वेळीच थांबलो.

सॅन मार्कोसमध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आहे, जवळजवळ तीनशे घरांवरचा. प्रत्येक घराला त्याचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवली. सरासरीहून जास्त वापरणारे खाली आले. पण जे आधीच कमी वापरत होते ते वर गेले! ‘आपण उगाच काटकसर करतोय’ असं त्यांना वाटलं असणार. पण कमी वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्या कागदावर संशोधकांनी हातानं एक हसरा चेहराही काढून दिला होता, त्यांचा वापर वाढला नाही. म्हणजे जो आधीपासून नीट वागतो त्याला शाबासकी द्यायला विसरू नये.

पुढे अमेरिकेत वीज कंपन्यांनी लाखो घरांना अशी शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रं पाठवली. त्यातून सरासरी २ टक्क्यांच्या आसपास बचत झाली. लाखो घरांचे २ टक्के ही छोटी गोष्ट नाही. तरी माझी खात्री आहे की पोस्टानं आलेल्या कागदापेक्षा ओळखीच्या माणसाचं घरी येणं जास्त काम करतं.

यादी न लावण्याचं दुसरं कारण साधं आहे. दोघांच्या घराची आणि सहा माणसांच्या घराची तुलना करणं अन्यायाचं आहे. तुलना करायचीच तर ज्याची त्याच्याशी, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मे महिन्याची जानेवारीशी तुलना करून कुणी खचून जाऊ नये. आम्ही जिन्याखालच्या फळ्यावर फक्त कॉमन मीटरचा आकडा लिहितो. तो सगळ्यांचा असतो, त्यामुळे कुणाला लागत नाही.

१०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं का?

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. १३० युनिट झाले तर पहिले १०० पहिल्याच दरानं धरतात, वरचे ३० दुसऱ्या दरानं. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या सुमारे दुप्पट असतो, तिसऱ्याचा त्याहून जास्त. म्हणून वरचे जे तीस युनिट वाचतात ते महागातले वाचतात. त्याशिवाय बिलावर स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि वीज शुल्क असतं. यातला स्थिर आकार बचत केली तरी तसाच राहतो, हे आधीच सांगून ठेवावं. वापर निम्मा केला तरी बिल निम्मं का झालं नाही, असं विचारत लोक नाराज होतात ते यामुळेच.

मग नक्की कशात वाचतं?

पंख्यात. आमचा अनुभव हाच आहे आणि हिशोबही तेच सांगतो. कोकणपट्टीतल्या दमट हवेत पंखा वर्षातले दहा महिने चालतो. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. रोज १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याला ११ युनिट. एका पंख्यामागे १६ युनिट, तीन पंख्यांमागे ४८. पंखा महाग पडतो हे खरं. म्हणून सगळे एकदम बदलू नयेत. सर्वांत जास्त तास चालणारा एक आधी बदलावा, बहुतेक घरांत तो हॉलचा असतो. आमच्याकडे आठ घरांनी मिळून एकदम पंखे घेतले तेव्हा दुकानदारानं भावही कमी केला आणि बसवायचे पैसेही घेतले नाहीत. शेजारी एकत्र येण्याचा हा अगदी रोकडा फायदा. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू फिरवला तरी उरलेली वीज त्या खोक्यात उष्णता होऊन वाया जाते. तोही काढून टाकावा.

एसी हा दुसरा. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट घेतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशानं वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी चालू करताच २४ अंशांवर लागतील अशीच रचना करावी लागते. कारखान्यातून तो २४ वरच येतो, १८ वर नेणारा हात आपला असतो. सोबत पंखा मंद लावला तर २६ अंशांतही झोप छान लागते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

गिझरबद्दल भांडणं फार होतात, तेव्हा आकडा घ्या: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या आणि गिझर लगेच बंद केला की झालं. सकाळभर चालू ठेवला की तापलेलं पाणी निवतं आणि पुन्हा पुन्हा तापतं.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढून पाहा. अलगद निघून आली तर दाराचं रबर सैल झालंय. रात्री फ्रिज बंद करून ठेवणारी घरं अजून आहेत, त्याची गरज नाही, अन्न मात्र खराब होतं. सेट टॉप बॉक्स १० वॉटचा असेल आणि कायम चालू राहिला तर महिन्याला ७ युनिट जातात. पिनपाशी हात पोहोचत नाही म्हणून तो चालू राहतो. स्विच असलेला बोर्ड पुढे आणून दिला की प्रश्न मिटतो.

मोबाइल चार्जरची पिन काढा म्हणून लोकांच्या मागे लागू नका. त्यातून इतकं थोडं वाचतं की तेवढ्यासाठी लोकांचा संयम खर्ची घालणं योग्य नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि ती मोठी निवडा.

घरात आजारी माणूस आहे, आजी-आजोबा आहेत, तान्हं बाळ आहे. त्यांनीही बचत करायची?

नाही. त्यांच्या खोलीचा पंखा, एसी, ऑक्सिजन मशीन, गरम पाणी, रात्रीचा दिवा यांना हात लावायचा नाही. आमच्या इथे एक आजोबा बिल वाचवायला संध्याकाळी अंधारात बसून राहायचे, एकदा उठताना पडले. त्या घरी आम्ही उलट न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर अर्ध्या वॉटचे दोन रात्रदिवे लावून आलो. उन्हाळ्याच्या काहिलीत म्हाताऱ्या माणसानं पंखा बंद करून बसणं धोक्याचं असतं, हे प्रत्येक भेटीत आवर्जून सांगा.

आणखी एक बाजू. बचतीच्या नावाखाली घरातल्या बाईचं काम वाढता कामा नये. वॉशिंग मशीन बंद करा, मिक्सरऐवजी पाटा घ्या असले सल्ले देणारे बहुधा स्वतः धुणं धूत नसतात. मशीन पूर्ण भरून लावा, एवढंच पुरे.

भाडेकरूंनी काय करावं?

बल्ब आणि पंखा स्वतःचा घेतला असेल तर घर सोडताना काढून नेता येतो. जुना पंखा जपून ठेवा आणि जाताना परत लावून द्या. त्यांना भेटींतून वगळू नका. ते सोसायटीचे सभासद नसले तरी शेजारी आहेत.

मुलांना यात कसं घ्यायचं?

रीडिंग घेण्याचं काम मुलांना द्या. आमच्याकडे सहावी-सातवीची मुलं महिन्यातून एकदा वही घेऊन मीटरच्या खोलीत जातात, सोबत एक मोठा माणूस असतो. आधीचा आकडा, आताचा आकडा, वजाबाकी. एवढ्यानं त्यांना युनिट म्हणजे काय ते पाठ न करता कळतं. मात्र मुलांना पहारेकरी बनवू नका. ‘आजी, तू दिवा बंद केला नाहीस’ म्हणून नातू सगळ्यांसमोर टोकायला लागला की घरात कुरबुर सुरू होते आणि आजींचा वीज बचतीवरचाच राग वाढतो.

सण-उत्सवांत काय करता?

कोजागरी हा आमचा सर्वांत आवडता कार्यक्रम. त्या रात्री गच्चीवर दूध असतंच. दूध आटायला ठेवलं की तासभर गच्चीचे, जिन्याचे आणि ज्यांना जमेल त्यांनी घरचे दिवे मालवायचे. वाटीत चंद्र दिसायचा तर अंधार हवाच. यासाठी वेगळं पटवून द्यावं लागत नाही, रीतच तशी आहे. त्या तासात वीज फारशी वाचत नाही, हे मी मोकळेपणानं सांगते. पण बत्तीस घरं एकाच वेळी काही करू शकतात हे सगळ्यांना दिसतं आणि पुढचं काम सोपं होतं.

गणपतीत मखराला एलईडी माळा आणि टायमर. दिवाळीत आकाशकंदिलात ५ वॉटचा बल्ब पुरतो. रोषणाई कमी करा असं आम्ही म्हणत नाही. सणाच्या दिवशी घर उजळलेलं असावं.

छपरावर सोलर लावलं की बचतीची गरजच काय?

आधी बचत, मग सोलर. वापर कमी केला की लहान यंत्रणा पुरते आणि खर्च कमी होतो. १ किलोवॉटला छपरावर साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. आमच्या गच्चीवर टाक्या आणि शेजारच्या इमारतीची सावली सोडून उरलेली जागा बत्तीस घरांना पुरणारी नाही. म्हणून कॉमन मीटरपुरतं लावणं हेच आमच्यासारख्यांना सोयीचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त वैयक्तिक घराला १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये. दारावर येणाऱ्या विक्रेत्यावर अवलंबून न राहता योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेल्या पुरवठादारांकडून किमान तीन दरपत्रकं घ्या. पुण्यात राहत असाल तर महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण अशा उपायांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, तीही विचारून पाहा.

आमची चाळ आहे, वापर मुळातच कमी. गावाकडे तर वीजच धड नसते. तिथे हे कसं लागू पडणार?

ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही आहे त्याला बचत कर म्हणायला मी जाणार नाही. तिथे काम वेगळं: जुनाट वायरिंग, एका मीटरवर तीन बिऱ्हाडं, चुकीची रीडिंग, भिजलेला बोर्ड. हे सोडवायला शेजारी एकत्र आले तर जीवही वाचतात. जिना आणि सामाईक नळाचा पंप यांचा हिशोब मात्र चाळीतही तसाच लागू पडतो.

आणि गावांनी हे आपल्या कितीतरी आधी करून दाखवलंय. २००५ च्या आसपासचं भारनियमन आठवतं का? दिवेलागणीलाच गावं अंधारात जायची, मुलांचा अभ्यास चिमणीच्या उजेडात. त्या काळात महावितरणनं ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली. गावकऱ्यांनी संध्याकाळच्या वेळी शेतीपंप, शेगड्या, हीटर अशी जड उपकरणं स्वतःहून बंद ठेवायची, त्या बदल्यात दिवे-पंख्यापुरती वीज संध्याकाळी सुरू राहायची. एकानं चोरून पंप लावला तर त्या फीडरवरच्या, म्हणजे त्याच वीजवाहिनीवरच्या, सगळ्यांचा उजेड धोक्यात. त्यामुळे लक्ष ठेवायचं गावानंच, समजूत घालायची तीही गावानंच. शेजाऱ्याच्या शब्दाखातर वीज कमी वापरण्याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही, आणि तो आपल्याच राज्यातला आहे.

चार महिन्यांनी उत्साह ओसरला. पुन्हा कसा आणायचा?

ओसरतोच. आमचा तर दोनदा ओसरला. सतत मोहीम चालू ठेवायचा हट्ट सोडून आम्ही वर्षात तीनच वेळा जोर लावतो: मार्चमध्ये उन्हाळ्याआधी पंखे आणि एसीच्या जाळ्या, पावसाळ्याआधी वायरिंग आणि अर्थिंग, आणि कोजागरी. मधल्या काळात फक्त फळ्यावरचा आकडा बदलत राहतो. माणसंही आलटून पालटून घ्या. एकच माणूस दोन वर्षं करत राहिला की लोक त्याला पाहून दार हळू उघडतात.

आमच्या इमारतीत कुणालाच रस नाही. मी एकट्यानं सुरू करू का?

करा, पण एकट्यानं फार दिवस करू नका. एक साथीदार शोधा, शक्यतो दुसऱ्या विंगमधला. दोघांनी आपापल्या मीटरचं रीडिंग महिन्याच्या एक तारखेला, शक्यतो एकाच वेळी घ्यायचं, वहीत लिहायचं. तीन महिन्यांचे आकडे जमले की ज्या गोष्टीनं फरक पडला ती एकच गोष्ट तिसऱ्या घराला दाखवायची. आम्हीही अशाच दोन वह्यांनी सुरुवात केली होती. आमची पहिली वही अजून मीटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे, कुणालाही येऊन बघता येते. खोलीची किल्ली वॉचमनदादांकडे असते.